सेन्सर गप्प बसला की भाषा काय बोलते? पिकोवर मायक्रोपायथन, सी आणि रस्ट; सोबत जुना उनो

मायक्रोकंट्रोलरसाठी (एका चिपमध्ये मावणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकासाठी) कोणती भाषा घ्यावी, याचा निकाल बहुतेक ठिकाणी दिवा लुकलुकवून लावला जातो. एलईडी सेकंदाला किती वेळा उघडझाप करतो ते मोजायचं आणि सी जिंकली म्हणून टाळ्या वाजवायच्या. एलईडी सगळ्याच भाषांत छान लुकलुकतो. गच्चीवरची टाकी भरायला मात्र वीस मिनिटं लागतात, तिथे मायक्रोसेकंद वाचवून कोणाच्या नळाला पाणी लवकर येणार आहे?

म्हणून इथे कसोटीला घेतलंय ते पंप चालवण्याचं काम. खाली जमिनीतली टाकी, वर गच्चीवरची टाकी. दोन्हींच्या झाकणाखाली जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यात टिकणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, पाइपवर वायएफ-एस२०१ हा अर्धा इंची फ्लो सेन्सर, १२८×६४ चा छोटा ओएलईडी डिस्प्ले आणि पंपाच्या कॉन्टॅक्टरला (मोठ्या स्विचला) चालू-बंद करणारा रिले. वरची टाकी रिकामी आणि खालची भरलेली असेल तर पंप चालू. पंप चालू होऊन तीस सेकंदांत फ्लो सेन्सरचे पल्स आले नाहीत तर बंद. बोर्ड दोन: जुना आर्डुइनो उनो आणि रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू.

काम चालू असताना सगळ्याच भाषा गुणी दिसतात. घोडं पेंड खातं ते सेन्सरची वायर सैल झाल्यावर. ध्वनी गेला, प्रतिध्वनी आलाच नाही. आता प्रोग्राम काय समजतो? या एका प्रश्नाने भाषांचा जेवढा फरक उघडा पडतो तेवढा शंभर बेंचमार्कांनी पडत नाही. खालचे शेरे त्याच मापाने दिले आहेत.

वायरिंगबद्दल आधी एक सूचना. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची एको पिनही ५ व्होल्ट देते. उनोला ते चालतं, पिकोच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत. एको आणि पिकोच्या पिनेमध्ये १ किलोओहम आणि पिनेपासून ग्राउंडला १.८ किलोओहम लावा, म्हणजे पिनेवर सुमारे ३.२ व्होल्ट येतात. सेन्सरच्या तोंडापासून २०-२५ सेंटिमीटरपर्यंतचं अंतर त्याला मोजता येत नाही, तेव्हा तो पाण्याच्या सर्वोच्च पातळीपासून तेवढा वर बसवा.

उनो आणि आर्डुइनोची सी++

२००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मलेल्या आर्डुइनोची मोठी पुण्याई म्हणजे तिच्या लायब्रऱ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारा कुठलाही सेन्सर घ्या, त्याचं तयार उदाहरण सापडणारच. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि फक्त २ किलोबाइट रॅम आहे, आणि या कामात सगळी रड रॅमचीच.

ओएलईडीचं चित्र साठवायला १२८×६४ बिट लागतात, म्हणजे १०२४ बाइट. अर्धी रॅम तिथेच संपली. यातली मेख अशी की अ‍ॅडाफ्रूटची एसएसडी१३०६ लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर ‘बिगिन’मध्ये मागते. त्यामुळे कंपाइल करताना जो ‘इतके टक्के मेमरी वापरली’ असा अहवाल येतो, त्यात हे हजार बाइट नसतात. अहवाल म्हणतो सगळं आलबेल, प्रत्यक्षात ‘बिगिन’ला जागा मिळत नाही, तो ‘फॉल्स’ परत देतो, ते कोणी तपासत नाही आणि स्क्रीन काळी राहते. मग लोक डिस्प्ले बदलून आणतात! उपाय दोन आहेत. सिरियलवर छापायचा प्रत्येक मजकूर ‘एफ’ मॅक्रोत गुंडाळा, म्हणजे तो फ्लॅशमध्येच राहतो. किंवा यू८जी२ ही लायब्ररी पेज-बफर पद्धतीने वापरा. त्यात १२८ बाइटांत भागतं, फक्त चित्र आठ पट्ट्यांत आठ वेळा काढावं लागतं.

दुसरा सापळा १६ बिटांचा ‘इंट’, म्हणजे पूर्णांक साठवण्याचा प्रकार. एक मिनिट थांबण्यासाठी ‘डिले(६० * १०००)’ लिहिलं की गुणाकार ३२,७६७ च्या पलीकडे जातो, उत्तर उणे ५,५३६ येतं, ‘डिले’ त्याला धन संख्या समजतो आणि बोर्ड जवळजवळ ४९.७ दिवस झोपी जातो. ‘६०यूएल * १०००’ लिहिलं की झालं. गंमत म्हणजे हीच ओळ पिकोवर बिनतक्रार चालते, कारण तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा. त्यामुळे पिकोवर तपासलेला प्रोग्राम उनोवर नेला तर चूक नव्याने जन्माला येते.

फ्लो सेन्सरचे पल्स इंटरप्टमध्ये (पल्स आला की प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्यात) मोजताना व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण उनोचा प्रोसेसर ८ बिटांचा आहे, चार बाइटांची संख्या तो चार वेळांत वाचतो. अर्धी वाचून झाली असताना इंटरप्ट आला तर जुने दोन बाइट आणि नवे दोन बाइट एकत्र येतात. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करून संख्या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लगेच चालू करा. आणि डिस्प्लेवर लिटरऐवजी प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका: उनोवरच्या ‘एसएनप्रिंटएफ’ला दशांश छापता येत नाहीत, तिथे ‘डीटीओएसटीआरएफ’ वापरावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. ‘पल्सइन’ला प्रतिध्वनी मिळाला नाही तर तो मुकाट्याने शून्य परत देतो, तेही वेगळी मुदत दिली नसेल तर पूर्ण एक सेकंद ताटकळून. शून्य पल्स म्हणजे शून्य अंतर, म्हणजे पाणी थेट सेन्सरच्या तोंडाशी, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली. वरच्या टाकीची वायर सुटली तर पंप चालू होणार नाही. बादल्या भरायला लागतील, एवढंच. खालच्या टाकीची सुटली तर कोरड्या टाकीवर पंप खुशाल चालू होईल. भाषेने एक अक्षरही काढलेलं नाही. शून्य हे अंतरही असू शकतं आणि ‘माहीत नाही’ही असू शकतं, हा फरक लिहिणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवायचा. मुदत ३०,००० मायक्रोसेकंद द्या आणि शून्य आल्यास आधीचं मूल्य न वापरता ‘सेन्सर बंद’ अशी वेगळी अवस्था ठेवा.

शेरा: उनो हातात असेल तर दुसरा पर्याय शोधू नका, त्या २ किलोबाइटांत याच भाषेचा संसार नीट चालतो. नवं काही विकत घेणार असाल तर मात्र उनो घेण्याचं कारण उरलेलं नाही. आर्डुइनोच्याच वळणाने लिहायचं असेल तर अर्ल फिलहॉवर यांचा पिकोसाठीचा कोअर (आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरला पिकोची ओळख करून देणारं पॅकेज) बसवा. लायब्रऱ्या त्याच आणि रॅम २६४ किलोबाइट.

मायक्रोपायथन

डेमियन जॉर्ज यांनी २०१३ साली किकस्टार्टरवर मांडलेली ही भाषा पिकोवर २०२१ पासून, म्हणजे बोर्डाच्या जन्मापासून आहे. बसवणं सोपं आहे: बूटसेल बटण दाबून केबल जोडा, संगणकावर ड्राइव्ह दिसला की पिको डब्ल्यूचीच यूएफ२ फाइल (बोर्डावर उतरवायचा तयार प्रोग्राम) त्यात टाका. साध्या पिकोची फाइल टाकली तर बाकी चालेल, फक्त वायफाय आणि बोर्डावरचा एलईडी नाही. आणि पिको डब्ल्यूवरचा एलईडी वायफाय चिपला जोडलेला आहे, त्यामुळे २५ नंबरच्या पिनेची जुनी उदाहरणं चालत नाहीत. पिनेच्या जागी ‘एलईडी’ हे नावच द्यावं लागतं. लिहायला थॉनी हा एडिटर, आणि हात बसला की एमपीरिमोट ही कमांड लाइनवरची सोय.

या भाषेचं खरं वैभव म्हणजे समोर उघडा असलेला प्रॉम्प्ट. डिस्प्ले उत्तर देत नसेल तर आय२सी बस (डिस्प्लेशी बोलायची दोन वायरींची वाट) उघडून ‘स्कॅन’ म्हणायचं. उत्तरात ६० आलं तर डिस्प्ले जिवंत आहे, रिकामी यादी आली तर वायर तपासा. सीमध्ये याच कामासाठी प्रोग्राम लिहा, बांधा, टाका, असा फेरा पडतो. नवा सेन्सर ओळखीचा करून घ्यायला याच्याइतकं सोयीचं काहीच नाही, शेवटचा प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहायचा असला तरी.

वेगाबद्दल तक्रार होते ती अर्धी खरी. पायथनमधून पिन वर-खाली करायला मायक्रोसेकंद लागतात, सीमध्ये एक क्लॉक, म्हणजे १२५ मेगाहर्ट्झला ८ नॅनोसेकंद. पण जिथे वेळ खरोखर काटेकोर लागते ती कामं पिकोवर पीआयओ, म्हणजे फक्त पिना हाताळणारं चिपमधलं वेगळं हार्डवेअर, करतं: दोन ब्लॉक, प्रत्येकी चार स्टेट मशीन, ब्लॉकमागे ३२ सूचनांची जागा. रंगीत एलईडींच्या डब्ल्यूएस२८१२ पट्टीचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा असतो. तो पायथनच्या लूपमधून पाठवायला गेलात तर रंगांचा शिमगा होईल, पीआयओमधून पाठवला तर पायथन आणि सी यांच्यात कणभरही फरक नाही. आणि ते पीआयओ पायथनच्या फाइलमध्येच लिहिता येतं. पाण्याच्या कामात तर तेवढीही गरज नाही. अंतराचा एक सेंटिमीटर म्हणजे ५८ मायक्रोसेकंद, आणि तो मोजणारं ‘टाइम_पल्स_यूएस’ हे फंक्शन आतून सीमध्येच लिहिलेलं आहे. फ्लो सेन्सर ताशी नव्हे, मिनिटाला ३० लिटर वाहत असताना सेकंदाला २२५ पल्स देतो. पायथनचा इंटरप्ट ते आरामात मोजतो.

मग दुखतं कुठे? चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणं पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत.

पहिलं, मेमरीचे तुकडे. लूपमध्ये दर खेपेला नवी स्ट्रिंग, नवी यादी तयार केली की मोकळी जागा विखुरते. काही दिवसांनी ‘मेमरीएरर’ येतो, मोकळी मेमरी विचारली तर हजारो बाइट शिल्लक दिसतात, फक्त एकसलग नसतात. बफर एकदाच, प्रोग्रामच्या सुरुवातीला बनवा आणि ‘रीडइन्टू’सारख्या पद्धतींनी तोच भरत राहा, लूपच्या ठरावीक जागी नको असलेली मेमरी मोकळी करणारं ‘जीसी.कलेक्ट’ बोलवा. वायफायवर मोठा जेसन घ्यायचा बेत असेल तर हे आणखीच पाळा.

दुसरं, वेळेचा काटा. ‘टिक्स_एमएस’ पिकोवर २ चा ३० वा घात एवढ्या मिलिसेकंदांनी, म्हणजे सुमारे १२.४ दिवसांनी, शून्यावर येतो. साधी वजाबाकी केलेली असेल तर तेराव्या दिवशी पंपाचं गणित बिघडतं. नेहमी ‘टिक्स_डिफ’ वापरा, तोही सहा दिवसांहून लांबच्या अंतरासाठी नको. आर्डुइनोचा ‘मिलिस’ ४९.७ दिवसांनी फिरतो, तिथे बिनचिन्ह वजाबाकी निभावून नेते.

तिसरं ठिकाण सगळ्यांत मजेदार आहे, आणि उनोलाही लागू आहे. पिकोवरचा पायथनचा दशांश ३२ बिटांचा असतो, संगणकावरच्यासारखा ६४ चा नाही. वायएफ-एस२०१ लिटरला ४५० पल्स देतो म्हणून अनेकजण प्रत्येक पल्सला एकूण लिटरमध्ये १/४५० मिळवतात. सुरुवातीला मीटर बरोबर चालतो. ३२,७६८ लिटरच्या पुढे ३२ बिटांच्या दशांशाची सर्वांत लहान पायरी ०.००३९ होते, त्यामुळे ०.००२२ मिळवायला गेलं की पूर्ण पायरी चढली जाते आणि मीटर जवळजवळ पावणेदोनपट पळू लागतो. ६५,५३६ लिटरला पायरी आणखी मोठी होते, आता मिळवलेलं काहीच धरत नाही आणि मीटर कायमचा गोठतो. रोज हजार लिटर पाणी चढवणाऱ्या घरी हे दोनेक महिन्यांनी घडतं. मग सेन्सर बदलला जातो! पल्स पूर्णांकात मोजा, भागाकार फक्त डिस्प्लेवर दाखवताना करा.

चौथं, प्रोग्राम कोसळल्यावरची अवस्था. चूक झाली की पायथन ओळ क्रमांकासकट सांगतो, पण सांगतो कोणाला? यूएसबी जोडलेली नसेल तर ते शब्द हवेत विरतात. आणि प्रोग्राम थांबला तरी पिना आहेत तशाच राहतात. रिले चालू असेल तर पंप चालूच. म्हणून मुख्य लूप ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा, ‘प्रिंट_एक्सेप्शन’ने चूक फाइलमध्ये लिहा, रिले बंद करा आणि बोर्ड रिसेट करा. पिकोवरची फाइल-व्यवस्था लिटलएफएस आहे, लिहिता लिहिता वीज गेली तरी ती सहसा मोडत नाही. आपल्याकडच्या भारनियमनात ही बारीक गोष्ट नव्हे. शिवाय वॉचडॉग, म्हणजे ठरावीक मुदतीत खूण मिळाली नाही की बोर्ड रिसेट करणारा टायमर, लावाच. त्याची कमाल मुदत ८,३८८ मिलिसेकंद आहे आणि एकदा सुरू केला की बंद करता येत नाही. त्याला मुख्य लूपमधूनच खाऊ घाला. टायमरमधून घातला तर मुख्य लूप मेला तरी टायमर त्याला भरवत राहतो आणि वॉचडॉग शोभेचा उरतो. ‘मेन.पीवाय’च्या सुरुवातीला पाच सेकंदांची सवड ठेवून मगच तो सुरू करा, नाहीतर दुरुस्तीसाठी थॉनी जोडायच्या आत बोर्ड रिसेट होत राहील. तरीही अडकलात तर बूटसेल दाबून फ्लॅश पुसणारी यूएफ२ फाइल टाकावी लागते आणि सगळं पहिल्यापासून.

आणि प्रतिध्वनी आला नाही तर? इथे मायक्रोपायथन निराश करते. पायथनच्या रीतीप्रमाणे एक्सेप्शन यायला हवं होतं. ‘टाइम_पल्स_यूएस’ मात्र पल्स सुरूच झाला नाही तर उणे २ आणि सुरू होऊन मुदतीत संपला नाही तर उणे १ परत देतं. उणे २ भागिले ५८ म्हणजे शून्याच्या किंचित खाली. टाकी पुन्हा काठोकाठ! आर्डुइनोहून एवढंच बरं की उणे संख्या कधीच खरं अंतर नसते आणि दोन आकड्यांवरून बिघाड कुठे आहे तेही कळतं. फंक्शनभोवती चार ओळींचं वेष्टन लिहा, उणे आलं की स्वतःच एक्सेप्शन फेका.

शेरा: एक-दोन नग, घरचं वा शाळेचं काम, वर्षातून चारदा बदल होणारं काम असेल तर हीच घ्या. आपल्यामागे दुसरं कोणी दुरुस्त करणार असेल तर आणखीच घ्या, कारण प्रोग्राम बोर्डावर वाचता येईल असा उघडा पडलेला असतो. तोच प्रोग्राम गिऱ्हाइकाला विकायचा असेल तर मात्र हा उघडेपणा दोष ठरतो.

सी आणि पिकोचा एसडीके

पूर्वी एसडीके (पिकोसाठीचा सीच्या लायब्रऱ्यांचा संच), सीमेक, कंपायलर, पाथ यांची जुळवाजुळव करण्यातच सुट्टीचा दिवस जायचा. आता व्हीएस कोडचं पिको एक्स्टेंशन ते सारं उतरवून घेतं. नवा प्रोजेक्ट, बोर्ड म्हणून पिको डब्ल्यू, यूएसबीवर छपाई चालू, बिल्ड, यूएफ२ टाका. पहिल्या ओळी छापल्याच जात नाहीत असं वाटलं तर प्रोग्राम बरोबर आहे. यूएसबी जुळायच्या आधीच त्या छापून वाया गेल्या. सुरुवातीला दोन सेकंद थांबा.

हार्डवेअर पूर्ण हातात येतं, हे सीचं मोल. फ्लो सेन्सरचंच पाहा. इंटरप्टच नको: पिकोच्या पीडब्ल्यूएम स्लाइसला (पल्स बनवणाऱ्या आणि मोजणाऱ्या हार्डवेअरच्या तुकड्याला) बी बाजूच्या, म्हणजे विषम क्रमांकाच्या, पिनेवरच्या चढत्या कडा मोजायला सांगता येतात. मोजणी हार्डवेअर करतं, प्रोसेसरला पत्ताही नसतो. काउंटर १६ बिटांचा आहे, म्हणजे सेकंदाला २२५ पल्स धरले तर २९१ सेकंदांनी फिरेल. मिनिटाला एकदा वाचून बेरीज करत राहिलं की पुरे. वेळेसाठी ६४ बिटांचा मायक्रोसेकंद काउंटर आहे, त्यामुळे बारा दिवस, एकोणपन्नास दिवस असली भानगड नाही.

बिघडल्यावर मात्र सी मौनव्रत घेते. एसडीकेमध्ये स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या व्हेरिएबलांची जागा) मुळात २ किलोबाइटांचा असतो. फंक्शनच्या आत डिस्प्लेसाठी १ किलोबाइटचा आणि वायफायच्या उत्तरासाठी ४ किलोबाइटचा अ‍ॅरे घेतला की स्टॅक आपली हद्द ओलांडून दुसऱ्या कोअरच्या स्टॅकच्या जागेत घुसतो. कंपायलर काही बोलत नाही. प्रोग्राम चालतोही, दुसरा कोअर वापरायला काढेपर्यंत. असे अ‍ॅरे ‘स्टॅटिक’ करा. तसंच फ्लॅशमध्ये लॉग लिहिताना: प्रोग्राम स्वतः फ्लॅशमधूनच चालत असतो, आणि फ्लॅश पुसली जात असताना तिच्यातून काही वाचता येत नाही. त्या क्षणी इंटरप्ट आला आणि त्याचा कोड फ्लॅशमध्ये असला की हार्डफॉल्ट. बोर्ड गोठतो, एक अक्षर छापलं जात नाही. ‘फ्लॅश_सेफ_एक्झिक्यूट’मधूनच लिहा.

अशा वेळी छपाईच्या ओळी टाकत बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. डीबग प्रोब (चालू प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणारं उपकरण) घ्या, किंवा दुसऱ्या साध्या पिकोत डीबगप्रोबची यूएफ२ टाकून त्याचाच प्रोब करा. तीन वायरी: एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ. प्रोबशिवाय सी वापरणाऱ्याला या परीक्षणात पूर्ण गुण मिळणार नाहीत.

हरवलेल्या प्रतिध्वनीचं उत्तर सीमध्ये तुम्हीच ठरवता, कारण तयार फंक्शनच नाही. बहुतेकजण आर्डुइनोची सवय इथे आणतात आणि शून्यच परत देतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. फंक्शनने यश-अपयश ‘बूल’ म्हणून द्यावं आणि अंतर पॉइंटरमधून; कंपायलरला ‘न वापरलेल्या उत्तराबद्दल इशारा दे’ हे अ‍ॅट्रिब्यूटही लावावं.

शेरा: शेकड्याने नग जाणार, बॅटरीवर वर्ष काढायचं किंवा कोड दाखवायचा नाही, तर सी.

रस्ट

इथे प्रतिध्वनीचा प्रश्न पहिल्यांदाच प्रोग्राम चालवण्याआधी सुटतो. एम्बसी या चौकटीत ‘एको पिन वर जाईपर्यंत थांब, पण ३० मिलिसेकंदच’ असं लिहिलं की उत्तर म्हणून अंतर मिळत नाही, ‘रिझल्ट’ मिळतो: आत वेळ असेल किंवा मुदत संपल्याची खूण. टाकीच्या उंचीतून ‘रिझल्ट’ वजा करायला गेलात तर कंपायलर अडवतो. वायर सुटल्यावर काय करायचं हे लिहिल्याशिवाय यूएफ२ फाइल तयारच होत नाही. पंपाच्या कामात या एका गुणासाठी रस्टचे बाकीचे छळ सोसायला हरकत नाही.

छळ आहेतच. कंटाळून ‘अनरॅप’ (चूक नसेलच असं धरून चालणं) लिहिलं की कंपायलर गप्प होतो, पण वायर सुटल्यावर प्रोग्राम पॅनिक होतो. पॅनिक-हॉल्ट वापरला असेल तर बोर्ड तिथेच थिजतो, रिले चालू असेल तर चालूच ठेवून. म्हणजे हजार नियम पाळून पंप कोरडाच जळाला. पॅनिकनंतर वॉचडॉगने रिसेट होईल अशी व्यवस्था इथेही हवी.

पल्स मोजायला सामायिक काउंटर करायला गेलात की आणखी एक भिंत. पिकोच्या कॉर्टेक्स-एम०+ कोअरमध्ये अणुवत (मध्येच न तुटणाऱ्या) बेरजेची सूचनाच नाही, त्यामुळे ‘एटॉमिकयू३२’ वाचता-लिहिता येतो, त्यात मिळवता येत नाही. पोर्टेबल-एटॉमिक हा क्रेट (रस्टमधली लायब्ररी) घ्या किंवा क्रिटिकल सेक्शनमध्ये बदल करा. उनोवर जी चूक महिनोन्महिने लपून बसते तीच ही. रस्ट तिला दारातच धरतं, पण नवख्याला ते अडवणूक वाटतं.

बसवताना ‘थम्बव्ही६एम-नन-ईएबीआय’ हे टार्गेट रस्टअपने उतरवा आणि प्रोबमधून प्रोग्राम बोर्डावर टाकणारं प्रोब-आरएस बसवा. पहिल्या बिल्डला सगळे क्रेट उतरतात, चहा पिऊन या. ‘टार्गेट’ फोल्डर काही गिगाबाइटांपर्यंत फुगतो. बोर्डावर टाकताना ‘रिलीज’ बिल्डच करा, डीबग बिल्ड फार मोठा होतो. पिको डब्ल्यूच्या वायफाय चिपचं फर्मवेअर दोनशेहून अधिक किलोबाइटांचं आहे. ते दर बिल्डला प्रोग्रामसोबत टाकण्यापेक्षा फ्लॅशच्या ठरलेल्या जागी एकदाच टाका, नाहीतर प्रत्येक छोट्या बदलाला ताटकळावं लागतं.

खरी डोकेदुखी जुन्या उदाहरणांची. एम्बेडेड-हाल, म्हणजे ड्रायव्हर आणि चिप यांच्यातला सामाईक करार, याची १.० आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. ०.२ साठी लिहिलेला सेन्सरचा ड्रायव्हर १.० च्या बसवर बसत नाही, आणि चूक दाखवताना कंपायलर पानभर ट्रेटांची कुळकथा सांगतो. क्रेट निवडताना तो कोणत्या हालसाठी आहे ते आधी पाहा, एम्बसीच्या उदाहरणांसोबतच्या कार्गो फाइलमधल्या आवृत्त्या जशाच्या तशा घ्या आणि ‘कार्गो.लॉक’ जपून ठेवा. ईएसपी३२ वर जायचा विचार असेल तर रिस्क-व्ही कोअरचा सी३ घ्या; जुन्या एक्सटेन्सा चिपांना वेगळा कंपायलर ईएसपीअपने बसवावा लागतो.

शेरा: प्रोब आहे, रस्ट आधी संगणकावर लिहिलेलं आहे आणि चूक महागात पडणारं काम आहे, तर बेलाशक. पहिलाच मायक्रोकंट्रोलर असेल तर नको.

बाकीच्या

सर्किटपायथन शाळेच्या वर्गासाठी मायक्रोपायथनहूनही सोपी: फाइल जतन केली की प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू. पण तिच्यात इंटरप्ट नाहीत आणि ड्राइव्ह फॅट पद्धतीचा आहे, जतन करताना केबल ओढली की फाइली जाऊ शकतात. पंपाला नको. टायनीगो ही गो येणाऱ्यांसाठी. आपला सेन्सर तिच्या ड्रायव्हरांच्या यादीत आहे का ते आधी बघा.

असेंब्लीचं नाव काढावं लागतं ते आपल्या पॉलिटेक्निकांमुळे, जिथे मुलं ८०५१ या जुन्या चिपवर कायल हे सॉफ्टवेअर घेऊन असेंब्ली लिहितात. तिथे ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल का, हे ज्याने कागदावर सोडवलंय (१२ ने भागा, ३२ ने भागा, ३ ने भागा, सिरियलचा वेग बरोबर ९,६०० येतो) त्याला पीआयओच्या ३२ सूचना पोरखेळ वाटतील. ते शिक्षण वाया जात नाही, फक्त पंपाचा अख्खा प्रोग्राम त्यात लिहू नका.

विकत घेताना

पिको डब्ल्यूएच घ्या; हेडर आणि प्रोबचा कनेक्टर लावून येतो. केबल डेटाची आहे ना ते पाहा, नुसत्या चार्जिंगच्या केबलने बूटसेलचा ड्राइव्ह दिसतच नाही. रिले मॉड्यूल ‘हाय’ला चालू होणारं मागा: रिसेटनंतर पिकोच्या पिना इनपुट होतात आणि आतून खाली ओढलेल्या असतात, म्हणजे कोणत्याही भाषेचा प्रोग्राम जागा होईपर्यंत असा रिले बंद राहतो. ‘लो’ला चालू होणारा मात्र त्या क्षणी पंपाला धक्का देऊ शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पिको २ ला ५२० किलोबाइट रॅम आणि कॉर्टेक्स-एम३३ कोअर आहेत. मायक्रोपायथनला श्वास घ्यायला जागा मिळते आणि रस्टची अणुवत बेरजेची अडचण मिटते. पण सुरुवातीच्या ए२ चिपांमध्ये ई९ नावाचा दोष आहे. आतला पुल-डाउन (पिन खाली ओढणारा रेझिस्टर) लावून फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा) जोडला तर स्विच सुटल्यावरही पिन २.२ व्होल्टच्या आसपास अडकून बसते आणि ‘हाय’ वाचली जाते. पायथन, सी, रस्ट, तिघीही पातळी आहे म्हणूनच सांगतील. बाहेरून ८.२ किलोओहम किंवा कमीचा रेझिस्टर ग्राउंडला लावा, किंवा स्विच ग्राउंडला जोडून आतला पुल-अप वापरा. ए४ आवृत्तीच्या चिपांत हा दोष दुरुस्त झाला आहे.